ताई, सहावी ढिंगली आली

ताई, परवा दुपारी वापीच्या खेळण्यांच्या दुकानातून फोन आला. तुमचा मोबाइल हल्ली आमच्याच घरात असतो. तो बंद करायला तुमच्या भावाचं मन होत नाही, म्हणून रोज चार्ज करून कपाटावर ठेवतो आणि घोलवडला चिकूच्या पॅकिंगवर निघून जातो. वाजला तर उचलायचं काम माझं. पलीकडून आवाज आला, "सिस्टरबेन, तमारी ढींगली आवी गई छे! आ वखते तो बहु सरस छे." ढींगली म्हणजे तुमची बाहुली. मग त्याने हिंदीवर येऊन विचारलं, "हॅलो, सिस्टर ही बोल रही है ना?" मी म्हटलं, "मैं उनकी भाभी. रख दो, मैं आती हूं लेने को."

तुम्ही गेलात हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. पण मग त्याने ती बाहुली दुसऱ्या कुणाला देऊन टाकली असती, आणि का कोण जाणे, ते मला चालणार नव्हतं. म्हणजे बघा. ज्या खोक्यांवरून पाच वर्षं मी तुमच्याशी भांडले, त्यांतलं सहावं आणायला मी स्वतःहून हो म्हणून बसले.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. तेरावं झालं, लोक येऊन गेले, तलासरीच्या तुमच्या उपकेंद्रात नवी सिस्टर आली. ज्यांच्या पोरांना तुम्ही सुया टोचून रडवलंत त्या बायका लांबलांबच्या पाड्यांवरून आल्या आणि आमच्या ओट्यावर बसून रडल्या. सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी आत चहा करत होते. मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यापुढे बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून तुमच्याशीच बोलते. मध्ये बोलायची तुमची सवय होती, ती आता चालायची नाही.

पहिली बाहुली आली २०१४च्या डिसेंबरात. जुई तेव्हा अकरा महिन्यांची, भिंत धरून उभी राहायची. दर शनिवारी तुम्ही तलासरीच्या क्वार्टरमधून गंजाडला आमच्याकडे यायचात आणि पिशवीतून माझ्या पोरीसाठी काहीतरी निघायचं. त्या शनिवारी भलंमोठं खोकं निघालं. पुढून पारदर्शक, आत लाल झग्यातली सोनेरी केसांची बाहुली, आणि खोक्यावर वर्ष छापलेलं. तुम्ही सांगितलंत, ही कंपनी दर नाताळला अशी एकच बाहुली काढते, नवा झगा, नवं वर्ष, आणि वर्ष गेलं की ती पुन्हा मिळत नाही. तुम्ही नर्सिंगला होतात तेव्हा हॉस्टेलच्या मेट्रनबाईंच्या काचेच्या कपाटात असली एक होती. तेव्हापासून म्हणे तुमच्या डोक्यात होतं.

मी चिकटपट्टी सोलायला नख घातलं आणि तुम्ही माझं मनगट धरलंत.

"उघडायची नाही, रंजना."

"मग काय पूजा करायची?"

"ठेवायची. दरवर्षी एक. पोरगी अठराची झाली की अठरा खोकी तिच्या हातात द्यायची. तिचं एकेक वर्ष."

"अहो ताई, खेळणं आहे ते. खेळायचं नाही तर आणलं कशाला?"

"खेळायला तिला तुझी पातेली-पळ्या आहेत की."

झालं, तिथून आपला वाद सुरू झाला तो काही मिटला नाही. दर डिसेंबरात एक खोकं यायचं आणि मी तोच प्रश्न विचारायचे. दुसऱ्या वर्षी हिरवा झगा, मग चंदेरी, मग निळा. तुमच्या भावाने खोकी ठेवायला चिकूची रिकामी लाकडी पेटी आणून दिली, तळाला गवत घातलं, आणि ती पेटी जुईच्या खाटेशेजारी बसली. आमच्या घरात फ्रीज यायच्या आधी बाहुल्यांची सोय झाली. मी तसं बोलूनही दाखवलं होतं. तुम्ही हसून "तुझा फ्रीज पण येईल गं" म्हणालात, म्हणजे मला आणखीच राग.

जुई मोठी झाली तशी पेटीशी जाऊन बसायला लागली. पारदर्शक बाजूला नाक लावून आतल्या बाईशी बोलायची. एकदा तुम्ही तिला वापीला सोबत नेलंत, तिथून ती दुकानदाराचा शब्द घेऊन आली. तेव्हापासून त्या बाहुल्या नाहीत, ढिंगल्या. लाल ढिंगली, हिरवी ढिंगली. तिने कधी खोकं फोडायचा हट्ट केला नाही, आणि खरं सांगू, हेच मला जास्त लागायचं. मी पाणी पी म्हटलं तर ती तीन वेळा नाही म्हणायची. तुम्ही एकदा उघडायची नाही म्हटलंत ते तिने पाच वर्षं पाळलं.

माझा राग ढिंगल्यांवर नव्हता, ताई. तो तुमच्यावर होता, आणि तुम्हाला ते कळत होतं. ताप आला की पोरगी "आत्या" म्हणून रडायची. मी कपाळावर पट्ट्या ठेवत बसायचे आणि ती दाराकडे बघायची. दर डिसेंबरात तुम्ही तिला चौकटीला टाचा लावून उभी करायचात, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचात, टेपने उंची मोजायचात. मी आतून ओरडायचे, "घरात पण तुमचं उपकेंद्र चालू का?" मला वाटायचं, ही बाई माझ्या पोरीचं एकेक वर्ष खोक्यात भरून, वरून पट्टी मारून आपल्या ताब्यात ठेवते आहे. असलं काही मनात आलेलं कुणाला सांगता येत नाही. मी भांडी जोरात आपटायचे, एवढंच.

आणि मग जमीन हलायला लागली.

२०१८च्या दिवाळीनंतरचे ते दिवस. आधी आवाज यायचा, लांबून ट्रक यावा तसा, आणि ट्रक कुठेच नसायचा. मग फळीवरची भांडी वाजायची, कौलांतून माती पडायची. दोन दिवस काही नाही, मग एका दिवसात तीनदा. डहाणू-तलासरीत सगळीकडे हेच. लोक अंगणात ताडपत्र्या लावून झोपायला लागले. आम्ही पण. दारात कागदांची पिशवी टांगलेली, चपला बाहेर तोंड करून ठेवलेल्या. प्रत्येकाला कामं वाटून दिली होती. जुईला उचलायचं मी, कागद तुमच्या भावाने, आणि तुम्ही घरात असलात तर गॅस तुम्ही बंद करायचा.

त्यातही आपलं एकमत नव्हतंच. मी म्हणायचे, आवाज आला की बाहेर पळायचं. तुम्हाला खात्याने ट्रेनिंग दिलेलं, तुम्ही म्हणायचात, "दारातून पळताना कौलं डोक्यात येतात. पोरांनी खाटेखाली शिरायचं आणि खाटेचा पाय धरून बसायचं. थांबलं की बाहेर."

"आणि घरच खाली आलं तर?"

"खाली यायचं घर खाटेवर येईल, पोरीवर नाही."

तुम्ही जुईकडून तो खेळ करून घ्यायचात. टाळी वाजवली की ती खाटेखाली. मी टाळी वाजवली की दाराकडे. पोरगी पाच वर्षांची, आणि आपण दोघी तिला दोन दिशांना पळवत होतो.

फेब्रुवारीतली ती दुपार. तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून जेवायला आला होतात. जेवण झालं, दूध तापत ठेवलं होतं. मी मागच्या बाजूला नळावर होते, तुम्ही आणि जुई पुढच्या खोलीत. आवाज आला आणि त्याच्या मागोमाग असा हादरा आला की बादली माझ्या पायावर उलटली. तसला मोठा त्याआधी बसला नव्हता. मी घराला वळसा घालून पुढच्या अंगणात धावले. कौलं घसरून फुटत होती. शेजारची वहिनी आणि तिची सासू बाहेर येऊन देवाचं नाव घेत उभ्या होत्या. आणि दारातून तुम्ही बाहेर आलात. दोन्ही हातांत, छातीशी धरून, पाच खोकी. तुमच्या मागे कुणी नव्हतं.

"जुई कुठंय?" मी ओरडले.

"आत आहे, खाटेखाली. थांब रंजना, आत्ता जाऊ नको, कौलं—"

मी पुढचं ऐकलंच नाही. तुम्हाला ढकलून आत शिरले. जुई खाटेखाली होती, पाय घट्ट धरून, डोळे मिटून. मी तिला ओढली, ती सुटेना, तिची बोटं मी एकेक करून सोडवली. तिला घेऊन दारातून निघताना एक कौल माझ्या डाव्या खांद्यावर फुटलं. तिच्या डोक्यापासून वीतभर लांब.

अंगणात आल्यावर जमीन थांबली होती. मी थांबले नाही. जुई माझ्या कडेवर रडत होती, शेजारणी बघत होत्या, आणि मी तुम्हाला म्हटलं, "स्वतःचं असतं तर आधी पोर उचललं असतं. तुम्हाला पोर नाही, तुम्हाला कसं कळणार! तुम्ही सांभाळा तुमच्या बाहुल्या."

शब्द न् शब्द आठवतो मला. तुम्हीही विसरला नसाल. तुमच्या हातातलं सगळ्यात वरचं खोकं खाली पडलं, त्याचा कोपरा चेपला, तुम्ही ते उचललंही नाही. तुम्ही उलट बोलाल, तो तुमचा सिस्टरचा आवाज चढवाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "गॅस बंद केलाय."

मग तुम्ही पिशवीतून कापूस आणि औषध काढून माझ्या खांद्याजवळ आलात. मी झटक्यात मागे सरले. रक्त येत होतं, तरी तुमचा हात लागू दिला नाही. शेजारच्या वहिनीने औषध लावलं, आणि तुम्ही दोन पावलांवर उभ्या राहून तिला सांगत होतात, असं नाही, वरून खाली पूस.

त्याच संध्याकाळी तुम्ही पेटी रिक्षात टाकून तलासरीला घेऊन गेलात. शनिवारचं येणं बंद झालं. आलात तरी अंगणात उभ्या राहायचात, जुईला खाऊ द्यायचात, भावाशी बोलायचात, उंबरा ओलांडायचा नाहीत. तुमचा भाऊ मला म्हणाला, "तू एक शब्द बोल तिच्याशी, बाकी ती विसरेल." मी बोलले नाही. बोलले ते वाईट होतं, हे मला त्याच रात्री कळलं होतं. पण पोरीला आत ठेवून तुम्ही बाहुल्या बाहेर आणल्यात, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. शब्द चुकले, राग बरोबर, असं माझं चाललं होतं. आणि राग पोटात ठेवून माफी मागायची म्हणजे ती आणखी एक शिवीच होते.

राखीला तुम्ही आलात तेव्हा ओट्यावर बसलात. मी चहा आणून दिला. तुम्ही कप घेतलात आणि विचारलंत, "खांदा?"

"बरा आहे."

"हात वर होतो?"

"होतो."

"करून दाखव."

मी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. तुम्ही कोपराला धरून आणखी थोडा मागे नेलात, "दुखतं?" विचारलंत, मी नाही म्हणून मान हलवली. सहा महिन्यांनी तुम्ही मला हात लावला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी कप उचलून आत गेले. निघताना तुम्ही म्हणालात, "भाऊबीजेला येईन. शंकरपाळ्या कर, पण मागच्यासारख्या दगड करू नको." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. ठरवलं, भाऊबीजेला पाट मांडायचा तो आत मांडायचा, तुम्हाला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घ्यायचं आणि सगळं बोलून टाकायचं. काय बोलायचं तेही भांडी घासताना पाठ करत होते.

शंकरपाळ्या त्या वेळी छान खुसखुशीत झाल्या होत्या, ताई. डबा भरून ठेवला होता. दिवाळीला चार दिवस असताना उपकेंद्रातून फोन आला, की प्रमिला सिस्टर लसीकरण आटपून खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत.

तेराव्यानंतर तुमचा भाऊ क्वार्टर रिकामी करून सामान टेम्पोतून घेऊन आला. सामान ते केवढं, दोन ट्रंका, एक गादी, आणि ती चिकूची पेटी. जुईने पेटी उघडली आणि एकेक खोकं काढून ओट्यावर मांडलं. पाचवं, कोपरा चेपलेलं, ती मांडीवर घेऊन बसली. कोपऱ्यावर बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, हे माझ्यामुळे झालं."

मी म्हटलं, "तुझ्यामुळे कसं? आत्याच्या हातातून पडलं ते."

"आत्या मला खाटेखाली घालत होती. मी राहत नव्हते. मी म्हटलं, ढिंगल्या मरतील, आधी त्यांना ने, नाहीतर मीच आणते त्यांना. मी दोनदा बाहेर आले. मग आत्या म्हणाली, मी त्यांना बाहेर ठेवते, पण तू पाय सोडायचा नाही, देवाशपथ. मग मी नाही सोडला."

मी तिथेच ओट्यावर टेकले. "हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"आत्या म्हणाली नको सांगू. तू मारशील म्हणाली."

मारलं असतं, ताई. तुम्ही मला बरोबर ओळखत होतात. त्या दिवशी मी त्या पोरीला तुडवलं असतं. म्हणून तुम्ही, पाच बायकांना पुरून उरणाऱ्या तुम्ही, भर अंगणात ते ऐकून घेतलंत आणि गॅसचं सांगितलंत. आणि नंतरचे आठ महिने, ओट्यावर, अंगणात, फोनवर, कधीही एका वाक्यात मला गार करता आलं असतं, तरी बोलला नाहीत. कौलाखालून तिला घेऊन जाणारी मी होते. तुमच्या खाटेखाली ती सुखरूप होती. वीतभर इकडे कौल फुटलं असतं तर आज मी कुणाला काय म्हणाले असते?

तरी एक सांगते. पाच वर्षांच्या पोरीचं इतकं ऐकायचं नसतं. मी असते तर एक वाजवून खाली दाबून धरलं असतं. ह्यावर तुम्ही काय म्हणाल तेही मला माहीत आहे. वाजवून पोरं खाटेखाली राहत नाहीत, रंजना. बरं, राहिलं.

खोकी धुळीने भरली होती. ओलं फडकं घेऊन मी पहिलं खोकं पुसायला उलटं केलं, तर तळाला पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली. तुमचं अक्षर, तुमच्या लसीकरणाच्या कार्डावर असतात तशा ओळी. बालकाचे नाव: जुई. उंची. वजन. कोणते डोस झाले. आईचे नाव: रंजना. दुसरं उलटं केलं, तसंच. तिसरं, चौथं. मी चौकटीपाशी मोजमाप चाललेलं बघून टोमणे मारायचे ते सगळे आकडे इथे येऊन बसले होते. पाचही खोक्यांवर आईचे नाव रंजना. देणाऱ्याचं नाव एकावरही नव्हतं. मी किती शोधलं म्हणून सांगू, आत्या म्हणून तरी कुठे कोपऱ्यात लिहिलं असेल. नव्हतं.

पाचव्यावर मात्र माझ्या नावाखाली आणखी एक ओळ होती, वेगळ्या शाईची. आईचा डावा खांदा बरा. हात पूर्ण वर जातो.

राखीचा चहा पिऊन, तलासरीला परत जाऊन, तुम्ही ती ओळ लिहिली असणार. ज्या बाईने तुम्हाला भर अंगणात तसं ऐकवलं, तिच्या खांद्याची नोंद तुम्ही तिच्या पोरीच्या खोक्याखाली केलीत. मी फडकं तोंडात धरून रडले, ताई. जुई घाबरली, म्हणाली, "पाणी आणू?"

काल जुईला घेऊन वापीला गेले. तलासरीहून पुढची जीप धरली. तुमच्या उपकेंद्राचा फाटा आला तेव्हा ती खिडकीतून मान वळवून बघत राहिली, मी दुसरीकडे बघितलं. दुकानात त्याने हसत हसत खोकं काऊंटरवर ठेवलं आणि विचारलं, "सिस्टरबेन केम नथी आव्या?" तुम्ही का नाही आलात ते मग मात्र मी सांगितलं. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, "दर वखते चारे खूणा तपासता. एक पण दबायेलो होय तो लेता नही." एकही कोपरा चेपलेला तुम्हाला चालायचा नाही. मी खोकं हातात घेतलं आणि चारही कोपरे तपासले. एक, दोन, तीन, चार.

ह्या वर्षीचा झगा पुन्हा लाल आहे. पहिल्यापेक्षा गडद. तुम्हाला आवडला असता, आणि मी मुद्दाम म्हटलं असतं, एवढा काही खास नाही.

घरी आल्यावर जुई खोकं मांडीवर घेऊन बसली. "आई," ती म्हणाली, "आता उघडायची?"

तिचं बरोबर होतं. मीच तर पाच वर्षं म्हणत होते, उघडा. आता अडवणारं कुणी नव्हतं. माझं नख पट्टीच्या कडेपर्यंत गेलंही. आणि मी म्हटलं, "नाही."

"का?"

"अठराची झालीस की."

ती तोंड वाकडं करून म्हणाली, "तू पण आत्यासारखीच आहेस." आजवर मला कुणी इतकं मोठं बोललं नव्हतं. पण ती रुसली नाही. उठली, आपणहून चौकटीपाशी गेली, टाचा लावल्या, हनुवटी वर केली आणि उभी राहिली. मला आधी कळलंच नाही. मग तुमच्या ट्रंकेतून टेप काढली, तिच्या डोक्यावर पुस्तक धरलं. तुम्ही कसं धरायचात ते मी पाच वर्षं स्वयंपाकघरातून तिरक्या डोळ्यांनी बघितलं होतं, ते कामाला आलं. एकशे बारा सेंटिमीटर. वजन आज सकाळी अंगणवाडीच्या काट्यावर केलं.

मग पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, खोकं उलटं केलं, चिकटवली. बालकाचे नाव: जुई. उंची. वजन. माझं अक्षर तुमच्यासारखं सरळ येत नाही, ओळ खाली जाते. आईचे नाव, असं लिहिलं आणि पेन थांबलं. अंगणातलं ते वाक्य तुमच्यापुढे परत घ्यायचं राहून गेलं, ताई. भाऊबीज राहिली, उंबरा राहिला. लिहायला एवढी एकच जागा माझ्याकडे होती. मी आधी प्रमिला लिहिलं, मोठीचं आधी, आणि पुढे रंजना.

जुई खांद्यावरून वाकून बघत होती. तिला आता अक्षरं लागतात. "दोन का लिहिलीस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "दोन होत्या म्हणून."